सरोज बोलेनाशी झाली तेव्हा

मे २०२५ मध्ये माझ्या कादंबरीची पहिली प्रुफं तपासून दिली, तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय. या कादंबरीच्या मधोमध एक मोठा खंड पडला होता. मीच घडवलेली माणसं मला परकी झाली होती. त्या दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. मला हवा होता तो हिशेब. कुणी काय करून पाहिलं, त्यात किती दिवस गेले, किती पानं वाया गेली आणि शेवटी गाडं कुठून हललं, हे तारखांसकट सांगणारं कुणी भेटलं नाही. माझ्याकडे आता तो हिशेब आहे, नोंदवहीसुद्धा जपून ठेवली आहे. आज कुणी अशा खंडात अडकलं असेल तर त्यांच्यासाठी तो इथे मांडते.

कादंबरी सुरू केली ऑगस्ट २०२२ मध्ये. नायिका सरोज, वय ५४, छापखान्यात मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात खुणा करत आलेली बाई. एकटी राहते, मोजकं बोलते, कुणाचं देणं ठेवत नाही. धाकटा भाऊ दिलीप बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे राहायला येतो, तिथून गोष्ट सुरू होते. पहिल्या दहा महिन्यांत १४० पानं झाली. तेव्हा सरोज आपणहून बोलायची. रांगेत उभी असताना, जिना चढताना तिचं एखादं वाक्य यायचं आणि मी ते मिळेल त्या कागदावर उतरवून घ्यायचे. लिहिणं असंच असतं, असं मला वाटायचं.

१७ जून २०२३ ला शेवटचं चांगलं पान झालं. त्या पानाच्या तळाशी दिलीप विचारतो, "ताई, तुझं कधीच काही चुकलं नाही का गं?" मी तिथे थांबले, दुसऱ्या दिवशी पुढे लिहू म्हणून वही मिटली. पुढे लिहिलंही. अकरा पानं लिहिली आणि ती वाचताना हातपाय गळाले. भाषा ठीक होती, वाक्यं सरळ होती, पण त्यांत सरोज नव्हती.

त्या अकरा पानांची तपासणी मी कितीतरी महिन्यांनी केली, पेन्सिल घेऊन. सरोज त्यांत नऊ वेळा खिडकीपाशी जाऊन उभी राहते. तिला सहा वेळा काहीतरी आठवतं, सात वेळा जाणवतं, चार वेळा ती नुसती पाहत राहते. ती काही मागत नाही, नाकारत नाही, लपवत नाही. आपलं पात्र सुकत चाललंय का हे बघायचं असेल तर शेवटच्या दहा पानांतली क्रियापदं मोजावीत, असं मी आता सगळ्यांना सांगते. हे मला तेव्हा सुचलं असतं तर निदान पाच महिने वाचले असते.

ते पाच महिने मी वाट पाहण्यात घालवले. रोज फाइल उघडायची, शेवटचा परिच्छेद वाचायचा, दोन शब्द इकडचे तिकडे करायचे, फाइल बंद करायची. वाईट याचं वाटायचं की सरोज कुठे गेली हे कुणाला सांगताही येत नव्हतं. हाडामांसाचं माणूस दुरावलं तर लोक चौकशी करतात. इथे हरवलेली बाई मुळात नव्हतीच, मग तिच्यासाठी रडायचं कुठल्या तोंडानं? आणि जोडीला एक शरमही होती. लेखकांच्या मुलाखतींमध्ये हमखास येतं की पात्रं आमच्याशी बोलतात, आमचं ऐकत नाहीत, आपल्या मनानं चालतात. मला वाटायला लागलं की ज्यांच्याशी बोलतात ते खरे लेखक.

याबाबतीत एका माहितीनं मला फार आधार दिला, म्हणून ती सांगते. इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी एडिंबराच्या पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांना नेमकं हेच विचारलं होतं. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६३ टक्के लेखकांनी पात्रांचे आवाज ऐकू येतात असं सांगितलं. बहुतेक ठिकाणी बातमी म्हणून येतो तो हाच आकडा. मी मात्र उरलेल्या ३७ टक्क्यांचा विचार करत बसले. त्यांचीही पुस्तकं छापून आली होती, म्हणूनच ते तिथे बोलावले गेले होते. आवाज न येताही माणसं लिहितात, याचा तो सरळ पुरावा होता.

पण ही माहिती हाती लागली डिसेंबरात. त्याआधी कराराची तारीख जवळ आली. हस्तलिखित ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत द्यायचं होतं. मी ऑक्टोबरभर संपादकांचे फोन टाळले, ही माझी चूक. करारात मुदतवाढीचं कलम होतं आणि मी ते कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यानुसार मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा, सोबत पूर्ण झालेली पानं आणि उरलेल्या प्रकरणांचा आराखडा जोडायचा. वाढ एकदाच मिळते. मी २० नोव्हेंबरला अर्ज केला. आराखड्यात काय लिहावं हे कळेना, तेव्हा खरं तेच लिहिलं: गोष्ट पुढे कुठे जाते हे माहीत आहे, मुख्य पात्र हातातून निसटलं आहे. ९ डिसेंबरला उत्तर आलं. मुदत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढवली होती आणि खाली हातानं एक ओळ होती, "फोन घेत जा." त्या १९ दिवसांत मला झोप धड नव्हती. अडकला असाल तर आधी कराराची प्रत काढून ते कलम वाचा आणि तारीख उलटायची वाट न बघता कळवा. संपादकांनी अडकलेले लेखक आपल्यापेक्षा जास्त पाहिलेले असतात.

मुदत मिळाल्यावर मी हिरिरीनं कामाला लागले, चुकीच्या जागी. पात्र घडवण्यासाठी प्रश्नावल्या मिळतात. आवडता रंग, लहानपणीची भीती, डावखुरी की उजवी, झोपताना दिवा चालू की बंद. मी ११२ प्रश्नांची एक यादी घेतली आणि सरोज, दिलीप आणि तिच्या विभागप्रमुखाची उत्तरं भरली. १८ डिसेंबर ते १४ जानेवारी, ४७ पानं. सरोजला गडद निळा रंग आवडतो. तिला उंचीची भीती वाटते. बरं, मग? ४७ पानांतली दोन वाक्यं कादंबरीत आली आहेत.

प्रश्नावली टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांचं पात्र जिवंत आहे त्यांना तपशील विसरू नयेत म्हणून ती उपयोगी पडेल. कादंबरीकार हेन्री जेम्सनं तुर्गेनेव्ह या रशियन कादंबरीकाराबद्दल लिहून ठेवलंय की तो प्रत्येक पात्राचं एक चरित्रच आधी लिहून काढायचा, गोष्ट सुरू होण्यापूर्वी त्या माणसानं काय काय केलं आणि त्याच्यावर काय काय गुदरलं, सगळं. हे वाचल्यावर माझ्या प्रश्नावलीत काय नव्हतं ते लक्षात आलं. तुर्गेनेव्हच्या टिपणात कृत्यं होती, माझ्या ४७ पानांत आवडीनिवडी होत्या. आवडीनिवडी कुणाच्याही असू शकतात. केलेलं मात्र ज्याचं त्याच्याच अंगाला चिकटतं.

मग आणखी एक प्रयोग केला, तोही फसला, पण त्याचं फसणं शिकवून गेलं. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं नटांना दिलेला प्रश्न प्रसिद्ध आहे: मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं? मी आठवडाभर सरोजसाठी तो विचारला. मी सरोज असते तर दिलीपला काय उत्तर दिलं असतं? उत्तरं पटापट आली, आणि सगळी माझी होती. समजूतदार, शहाणी, दुसऱ्याला न दुखावणारी. नटाच्या हातात नाटककारानं लिहिलेली परिस्थिती असते, दुसऱ्या माणसाचे शब्द असतात. तो त्यांत स्वतःला ओततो. माझ्यासमोर कोरा कागद होता, त्यामुळे मी फक्त मलाच ओतत राहिले. सरोज दिवसेंदिवस माझ्यासारखी होत चालली होती. हे लक्षात आलं तेव्हा घाबरले, पण कारण कळायला अजून दोन महिने होते.

२२ जानेवारी २०२४, सोमवार. या दिवशी नोंदवही सुरू केली. आदल्या रात्री ठरवलं की सरोज येवो न येवो, आपण रोज हजर राहायचं. ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचपासून समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा, असं त्यानं आत्मचरित्रात सांगितलंय. २५० मला झेपणार नव्हते. मी २५ मिनिटं आणि १५० शब्द ठरवले. वेळ सकाळी साडेसहाची. नियम दोनच: खोडायचं नाही आणि कादंबरीच्या फाइलीत लिहायचं नाही. दुसरा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या फाइलीला माझ्या भीतीचा वास लागला होता. सुट्या कागदावर लिहिलेलं कुणाला दाखवायचं नव्हतं, कशाला जोडायचंही नव्हतं.

नोंदवहीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते.

२२ जाने. १५२ शब्द. सरोज कपाट आवरते. कंटाळवाणं.
२५ जाने. १५०. सरोज पुन्हा खिडकीत. मुद्दाम उठवून बाहेर पाठवली तर रस्त्याच्या कडेला उभी राहिली.
३१ जाने. १६७. दिलीप तिचा चष्मा लपवतो. का? माहीत नाही. बरं वाटलं.
६ फेब्रु. ०. अंगात ताप.
७ फेब्रु. १५०. विभागप्रमुख आणि सरोज एकाच टेबलावर, दोघांनाही तीच खुर्ची हवी. पहिल्यांदा भांडण.
१९ फेब्रु. १५५. काही नाही.
२० फेब्रु. १५१. काही नाही.

"काही नाही" अशा एकूण १४ नोंदी आहेत. त्या दिवसांची मला आता जास्त किंमत वाटते, कारण त्या दिवशी लिहून झाल्यावर वही बंद करताना पोटात गोळा येत नव्हता. दीडशे शब्द झाले की त्या दिवसापुरती सुटका. साधारण तीन आठवड्यांनी टेबलाशी जायची धास्ती गेली. सुचायला अजूनही लागलं नव्हतं, पण धास्ती गेली होती, आणि तेवढंही खूप होतं.

३१ जानेवारी आणि ७ फेब्रुवारीच्या नोंदींतून एक गोष्ट हाती लागली. पात्र एकटं बसवलं की मरगळतं. त्याला दुसरं कुणीतरी आडवं यायला हवं आणि दोघांना काहीतरी लहानसं, हाताला लागेल असं हवं असायला हवं. खुर्ची, चष्मा, किल्ली. न्याय, प्रेम, मुक्ती असलं मोठं काही दिलं की ती भाषणं करायला लागतात.

आता १ मार्चबद्दल सांगायचं. त्या दिवशी काय लिहावं हे सुचेना, म्हणून मी प्रत्येक पात्राकडून रजेचा अर्ज लिहून घ्यायचं ठरवलं. कारण अगदी साधं: अर्जाचा साचा तयार असतो, त्यामुळे सुरुवात शोधावी लागत नाही. विषय, महोदय, विनंती, सही. साचा जितका ठरीव, तितका माणसाचा स्वभाव कारणाच्या रकान्यातून बाहेर डोकावतो, हे नंतर समजलं. दिलीपनं दोन पानी अर्ज लिहिला, न विचारलेले खुलासे करत, शेवटी साहेबांच्या तब्येतीची चौकशी करत. विभागप्रमुखानं एक ओळ लिहिली आणि खाली तारीखसुद्धा टाकली नाही. मला हसूही आलं आणि दोघं एकदम ओळखीचे झाले.

मग सरोजचा अर्ज. "महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, मला दि. १२ व १३ रोजी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी." इथपर्यंत हात सरळ चालला. कारण म्हणून "वैयक्तिक" लिहिलं. सरोजला ते पसंत पडेना. खोडायचं नाही हा माझा नियम. पण इथे खोडत होती ती सरोज, म्हणून मी खोडू दिलं. "प्रकृती ठीक नसल्याने." तेही खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं, "नातेवाइकाच्या आजारपणामुळे", आणि तिनं सही केली.

मी कागदाकडे बघत बसले. सरोजला दिलीपशिवाय कुणीही नातेवाईक नाही, हे मीच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि हा अर्ज दिलीप यायच्या आधीचा होता. म्हणजे सरोज खोटं बोलली होती. कार्यालयात, लेखी, स्वतःच्या सहीनिशी. तीस वर्षांत एक अनुस्वार न सोडणारी बाई! ते दोन दिवस ती कुठे गेली होती? मला माहीत नव्हतं, आणि साडेआठ महिन्यांत पहिल्यांदाच मला तिच्याबद्दल काहीतरी कळून घ्यावंसं वाटत होतं. नोंदवहीत त्या दिवशी ३१२ शब्द आहेत आणि पुढे फक्त "कुठे?" असं लिहिलंय.

पुढच्या आठवडाभरात थोडं थोडं उलगडत गेलं. एकदम साक्षात्कार वगैरे झाला नाही. रोज २५ मिनिटांत एखादा धागा. ती बसनं जाते. एका लहानशा दुकानात रबरी शिक्का करून घेते. दरवर्षी जाते. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात असे अकरा शिक्के आहेत, एकही वापरलेला नाही. आवक, जावक, पोच, दुरुस्तीसह मंजूर, तपासले. शिक्के करणारा माणूस तिला ताई म्हणतो, तिच्याकडून पैसे कमी घेतो, आणि ते कमी पैसे देताना तिची मान खाली जाते. हा माणूस पूर्वी तिच्याच छापखान्यात अक्षरजुळणी करायचा. त्याला कामावरून काढलं होतं. का काढलं, ते मला ८ मार्चच्या सकाळी कळलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मी लिहिणं बंद केलं.

९ मार्चची नोंद: ०. "सरोजनं हे केलेलं नाही."

पुढचे सलग १३ दिवस शून्य आहे. सुचत नव्हतं म्हणून नव्हे. काय लिहायचं हे पूर्ण डोळ्यांसमोर होतं आणि मला ते नको होतं. त्या तेरा दिवसांत मी जुनं हस्तलिखित काढून वाचलं, तेव्हाच ती क्रियापदं मोजली आणि तेव्हाच १४० व्या पानाच्या तळाशी पुन्हा पोचले. "ताई, तुझं कधीच काही चुकलं नाही का गं?" त्याच्या पुढच्या पानावर माझं पहिलं वाक्य होतं, "सरोज उठून खिडकीपाशी गेली."

दिलीपनं नेमकं विचारलं होतं आणि उत्तर यायच्या आत मीच तिला तिथून उठवलं होतं. मी तिला जपत होते. सरोजमध्ये माझं बरंच काही होतं, नीटनेटकेपण, शब्दाला जागणं, आणि लोक आपल्याला चांगलं म्हणतात याची ओढ. तिच्या हातून वाईट झालं तर ते माझ्याही अंगावर येणार होतं. मी आयुष्यात एकदा गप्प बसले आहे, बोलायला हवं होतं तेव्हा. त्याचा बोल दुसऱ्या कुणाला लागला. तो प्रसंग सरोजच्या प्रसंगापेक्षा वेगळा आहे आणि तो इथे सांगायचा नाही. पण १७ जूनच्या त्या पानावर माझा हात का अडला, याचं उत्तर तिथे होतं. स्फूर्ती आटली असं मी नऊ महिने म्हणत होते. मला आता वाटतं, मीच दाराला कडी लावून आत बसले होते आणि कुणी येत का नाही म्हणून झुरत होते.

सगळ्यांचंच असं असेल असं माझं म्हणणं नाही. कुणी खरंच थकलेलं असतं, कुणाच्या घरात आजारपण असतं. तिथे विश्रांतीच हवी. पण विश्रांती घेऊनही पात्र परत येत नसेल तर शेवटच्या जिवंत पानाकडे जाऊन बघा. तिथे त्याला कुणीतरी काहीतरी विचारलेलं असण्याची शक्यता आहे.

२३ मार्चला, शनिवारी, मी तो प्रसंग हातानं लिहिला. साडेसहाला बसले आणि साडेअकराला उठले. चौदा वर्षांपूर्वीची रात्र. छापखान्यात एका परीक्षेच्या निकालाची पुस्तिका दुसऱ्या दिवशी सकाळी जायची आहे. सरोज चाळिशीची. पंधरा दिवसांपूर्वी विभागप्रमुखाची जागा तिला डावलून दुसऱ्याला दिली गेली आहे. शेवटचं प्रूफ तिच्यासमोर आहे, शेजारी मूळ प्रत. डाव्या हाताचं बोट मूळ प्रतीवर, उजव्या हातात पेन्सिल, दोन्ही हात एका लयीत खाली सरकताहेत. मूळ प्रतीत बैठक क्रमांक १८६. प्रुफात १६८. पेन्सिल थांबते. एवढीशी खूण करायची, आठ आणि सहाची अदलाबदल दाखवणारी एक वळणदार रेघ. ती तिनं हजारो वेळा केली असेल. प्रुफाच्या तळाशी शेवटची सही विभागप्रमुखाची असते. बोलणी त्याला बसतील, एवढंच तिच्या मनात येतं. डावं बोट खालच्या ओळीवर जातं. मग उजवा हातही जातो. पान संपेपर्यंत ती आणखी दोन चुका शोधते आणि त्या अगदी ठळक खुणा करून दुरुस्त करते.

बोलणी विभागप्रमुखाला बसत नाहीत. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला आठवड्याभरात काढतात. त्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त बोलते ती सरोज.

हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. ते लिहून झाल्यावर हात थरथरत होता. सरोज परत आली होती, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी खोल होती. मला ती आवडली का? त्या क्षणी नाही. पण ती माझ्यापासून सुटी झाली होती आणि तिच्याबद्दल मला अपार माया वाटली, जी आधीच्या १४० पानांत कधी वाटली नव्हती.

यानंतरचं काम कष्टाचं होतं पण त्यात अंधार नव्हता, म्हणून भरभर सांगते. १४० पानांपैकी ६१ काढून टाकावी लागली. आधीची सरोज निर्मळ होती. आताच्या सरोजला तीच वाक्यं वेगळ्या तोंडानं बोलायची होती. एप्रिल ते ऑगस्ट रोज दोन तास. काढलेली पानं वेगळ्या फाइलीत ठेवली, पुसली नाहीत. त्यांतली सात-आठ वाक्यं पुढे परत घेतली. शिक्केवाल्याला बरेच दिवस नाव नव्हतं. तीन नावं लावून पाहिली. मधू ठेवल्यावर तो सरोजकडे बघून हसला, ते राहिलं.

एका बाबतीत मी स्वतःला मोकळं केलं. मधू, विभागप्रमुख, शेजारीण, बसचा वाहक, सगळ्यांना खोली द्यायला हवी असं मनावर दडपण होतं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं १९२७ मध्ये कादंबरीवरच्या व्याख्यानांत सपाट आणि गोल अशी पात्रांची विभागणी केली, ती पुष्कळांना माहीत असते: एकाच गुणावर उभी ती सपाट, आपल्याला चकित करू शकतात ती गोल. पण सपाट पात्रांची तो बाजू घेतो, हे सहसा कुणी सांगत नाही. ती चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात, पुन्हा पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. विभागप्रमुखाला मी तारीख न टाकण्याची एक सवय दिली आणि सोडून दिलं. तो त्या एका सवयीवर संपूर्ण कादंबरीभर उभा आहे. उरलेला जोर सरोज आणि दिलीपसाठी वापरला.

जुलैमध्ये पहिली दहा प्रकरणं एका मैत्रिणीला दिली. कसं वाटलं, हे मी विचारलं नाही. एकच प्रश्न लिहून दिला होता: सरोज तुला कुठे खोटी वाटली? तिनं चार जागा दाखवल्या. चारही जागी सरोज स्वतःच्या अपराधाबद्दल लांबलचक विचार करत होती. मी ते सगळे उतारे काढले आणि त्या जागी खालचा खण ठेवला. ती तो उघडते, किंवा उघडत नाही.

२७ सप्टेंबर २०२४ ला, मुदतीच्या तीन दिवस आधी, २१४ पानं पाठवली. पोच त्याच दिवशी आली, अभिप्राय सात आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला. संपादकांच्या मते दिलीप शेवटी फार लवकर माफ करतो. ते बरोबर होतं. शेवटची दोन प्रकरणं पुन्हा लिहिली, जानेवारीच्या अखेरीस दिली. दिलीप अजूनही मला हवा तितका सापडलेला नाही. त्याच्या चष्मा लपवण्याचं कारण मला आजही माहीत नाही, पण तो प्रसंग कादंबरीत आहे.

मे २०२५ मध्ये प्रुफं आली. दहा दिवसांत परत करायची होती. मी रोज वीस-बावीस पानं, दोन्ही हातांची बोटं लावून, सरोजसारखीच तपासत गेले. सातव्या दिवशी त्या रात्रीचा प्रसंग आला. मूळ प्रतीत बैठक क्रमांक १८६. प्रुफात १८६. मी दोनदा वाचलं. छापखान्यातल्या कुणा दक्ष मुद्रितशोधकाला दोन आकडे जुळत नाहीत हे दिसलं होतं आणि त्यानं किंवा तिनं प्रामाणिकपणे दुसरा आकडा दुरुस्त केला होता. पेन्सिलीची ती वळणदार रेघ जुन्या गॅलीवर, म्हणजे आधीच्या कच्च्या प्रुफावर, तशीच दिसत होती.

मी गॅलीवरच्या आकड्याखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, "१६८. चूक तशीच ठेवावी." खाली सही केली आणि तारीख टाकली.